पुढे पैलवान, मागे सडपातळ

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (कागदावरूनच ठेवतोय, त्यामुळे गुडघ्याला धक्का लागायची भीती नाही.) गुडघा कसा आहे? मागच्या वेळी तू म्हणालीस की बरा आहे, पण ज्या आवाजात म्हणालीस तो आवाज मला बरा वाटला नाही. जिना चढताना कठडा धरतेस ना? दुकानातल्या मोठ्या पंपाची नळी जुनी झाली होती, ती बदललीस का? नसशील बदलली तर हे पत्र खाली ठेव, नळी बदल आणि मग पुढे वाच. मी थांबतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर मी तोंड उघडलं की तू मुद्द्याचं बोल म्हणतेस, आणि मी मुद्द्याजवळ पोचेपर्यंत तुझ्याकडे गिऱ्हाईक येतं. पत्राचं तसं नाही. पत्र मधेच ठेवून देता येत नाही. (येतं, पण तू ठेवलंस ते मला दिसत नाही, म्हणून बरं.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे ही. माझं म्हणशील तर जीव टांगणीला लागलाय, आणि तो कशाला टांगलाय तेच सांगायला बसलोय.

तुला ठाऊकच आहे, सायकलच्या कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. इतकी वर्षं माझ्याकडे घंट्या होत्या. घंटी हे फार गुणी काम. वाजली तर उत्तम, नाही वाजली तर माणूस तोंडानं 'ओ, बाजूला' म्हणतो. कोणाचा जीव जात नाही. मी घंट्यांचीही काळजी करायचो, पण बेताची. यंदा मात्र आरोग्य खात्याची मोठी मागणी आली. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा धुणाऱ्या, बाळंतिणींना तपासणाऱ्या परिचारिकांसाठी सायकली हव्या आहेत, आणि अट एकच की टायर सहजासहजी पंक्चर होता कामा नयेत. त्या परिचारिकांपैकी एक ही आहे, हे तुला सांगायला नको. म्हणजे कारखाना जो टायर निवडेल त्याच्या भरवशावर माझीच बायको औषधांची पेटी घेऊन निर्मनुष्य रस्त्यांवरून फिरणार. हे मी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. हेतू हा की असा घरचा संबंध असलेला माणूस त्यांनी या कामापासून लांब ठेवावा. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि डोक्यात ठेवलं, आणि तिथेच माझं चुकलं.

गाळून गाळून दोन टायर उरले. त्यांची खरी नावं आकड्यांची आहेत आणि कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही एकाला पैलवान म्हणतो आणि दुसऱ्याला सडपातळ. पैलवानाच्या अंगात, जमिनीला टेकणाऱ्या रबराखाली, रबराचाच आणखी एक जाड थर आहे. खिळा घुसलाच तर त्या थरात अडकून बसतो, ट्यूबपर्यंत पोचत नाही. सडपातळाच्या पोटात नुसती चिवट धाग्यांची विणलेली पातळ पट्टी. पैलवान वजनाला जड, चालवायला जड आणि रिमवर चढवायला तर विचारूच नकोस. सडपातळ हलका आहे, भुर्रकन पळतो, हातानं चढतो नि हातानं उतरतो, पण जरा मोठी काच आली की मान टाकतो. पैलवानाचा विक्रेता आला तो खिशात ड्रॉइंग पिनांची डबी घेऊनच. आमच्या टेबलावर त्यानं टायरात पिना टोचल्या, उपटल्या, पुन्हा टोचल्या आणि दर वेळी आमच्याकडे असं बघितलं की जणू पिना त्यालाच टोचल्या आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. जाताना डबी माझ्या टेबलावर विसरून गेला. ती डबी पुढे मला भोवली.

मग बैठक झाली. आत्या, मी आपला समजत होतो की पंक्चर कमी होतो तो टायर घ्यायचा, विषय संपला. पण तीच सायकल पुढे दुकानांतही विकायची होती, आणि बैठकीत प्रत्येकाचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलेलं. जाहिरात लिहिणारे म्हणाले की पैलवान लावला तर सायकलचं वजन पत्रकात बारीक अक्षरांत छापावं लागेल. दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी सायकल एका हातानं उचलून बघतं आणि मगच रंग विचारतं. जोडणी विभागाच्या मुकादमांनी आपले दोन्ही अंगठे टेबलावर ठेवले. ते सुजलेले होते. नमुन्याच्या सायकलींना पैलवान त्यांच्या माणसांनी चढवला होता, आणि एका टायरला दोन माणसं लागली होती, एक ओढायला आणि एक शिव्या द्यायला. हिशेबनिसांना दोन्ही टायर महाग वाटले, पण त्यांना घंट्याही महागच वाटायच्या. सगळ्यात शेवटी तक्रार खिडकीवरच्या बाई बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की गिऱ्हाईक खिळ्याला कधी दोष देत नाही. नवी सायकल नेली आणि आठ-पंधरा दिवसांत पंक्चर झाली की खिळा कारखान्यानंच टाकला असं तो धरून चालतो आणि सायकल घेऊन खिडकीवर येतो. टायर जड असला तर पाय दुखतात, पण पाय दुखले की माणूस पायांना दोष देतो, आणि पाय काही तक्रार करायला खिडकीवर येत नाहीत. म्हणून शहाणे कारखाने जरा जाडच टायर लावतात.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि बोट माझ्याकडे केलं. या खोलीतला सगळ्यात घाबरट माणूस कोण, तर हा. याची बायकोच या सायकलवर बसणार आहे, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. निवड हा करेल, सहीही हाच करेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मुकादमांनी सुद्धा, अंगठे सांभाळून.

तेव्हा मला पहिली आठवण तुझी झाली. तू दुकानात पैलवानाच्या जातीचाच टायर ठेवतेस, दुसरा मागणाऱ्याला पुढच्या चौकातलं दुकान दाखवतेस. लहानपणी मला याचं मोठं कोडं होतं. पंक्चर काढून ज्याचं दुकान चालतं त्यानं पंक्चर न होणारा टायर विकायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा. मी तसं विचारलं तेव्हा तू म्हणाली होतीस की पंक्चर काढायला माझी ना नाही, पण एकाच माणसाचं चौथं पंक्चर काढताना तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघतो ती मला सोसत नाही. टायर मी दिला म्हणजे पंक्चरही मीच दिलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. (तक्रार खिडकीवरच्या बाईंचं आणि तुझं अगदी जमेल. एकदा गाठ घालून द्यायला हवी.) आणि तसला तो जाड टायर तू गिऱ्हाइकाशी बोलता बोलता नुसत्या हातांनी उतरवायचीस, अवजार म्हणून हातात काही नसायचं. कसा उतरवायचीस ते मात्र मी कधी बघितलंच नाही. मी तेव्हा पंप फुटेल का इकडे लक्ष ठेवून असायचो.

आता आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. जो माणूस एखादी वस्तू निवडतो त्यानं ती आधी स्वतःच्या सायकलला लावून वापरायची. घंटीवाल्यानं घंटी, सीटवाल्यानं सीट. (सीट निवडणारे गृहस्थ मध्यंतरी बरेच दिवस उभ्यानं जेवत होते.) त्याप्रमाणे मी एका सायकलला पुढे पैलवान लावून घेतला, मागे सडपातळ, आणि रोज तिच्यावरून कामावर जायला लागलो. मागच्या चाकावर भार जास्त पडतो, पंक्चर जास्त तिथेच होतात, म्हणून मधेच टायरांची अदलाबदल करायची असते, हे मला माहीत होतं. पण त्यासाठी पैलवान उतरवून पुन्हा चढवायला लागणार, आणि मुकादमांचे अंगठे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. म्हणून ते राहिलंच.

आठवड्यांमागून आठवडे गेले. पंक्चर नाही. पुढे नाही, मागे नाही. मला आधी आनंद झाला, मग संशय आला आणि मग घाम फुटला. सडपातळाला सुद्धा काही होत नाही तर त्याला नाकारायचं कशाच्या जोरावर? मी सडपातळावर सही करायच्या बेतात होतो. तेवढ्यात एका सुट्टीच्या दिवशी ही तिच्या सायकलवरून माझ्या मागोमाग आली, कोपऱ्यापर्यंत माझं चालवणं बघितलं, खाली उतरली आणि म्हणाली की तुम्ही टायर तपासत नाही आहात, रस्ता तपासताय. आणि खरंच गं. मला काच लांबून दिसते. खिळा दिसतो. खिळा असेल की काय असं वाटणारी काडीही दिसते. मग मी वळसा घालतो, नाहीतर उतरतो, सायकल उचलून पलीकडे ठेवतो आणि पुन्हा बसतो. एवढ्या दिवसांत माझ्या टायरांना धुळीपलीकडे काही लागलेलंच नव्हतं. ज्या गुणासाठी साहेबांनी मला निवडलं त्याच गुणानं सगळी चाचणी पाण्यात गेली होती.

मग ठरवलं, आता मुद्दाम पंक्चर करायचं. बोलायला सोपं आहे. समोर काच दिसली की मी दातओठ खाऊन सरळ निघायचो, आणि ऐन वेळी हात आपोआप वळायचे. म्हणून विक्रेत्याची ती डबी काढली आणि घरासमोरच्या फरशीवर पिना पसरल्या. पसरल्याबरोबर काळजी लागली की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात जातील. म्हणून हात पसरून पहाऱ्याला उभा राहिलो. आता पहारा करणारा मी आणि सायकल चालवणाराही मीच, दोघांनी एका वेळी हजर व्हायचं कसं? शेवटी कंटाळून पिना गोळा केल्या, तर एक कमी भरली. तेवढ्यात घरमालक जिना उतरून आले. त्यांना पायरीवरच थांबवून एका पायावर उभं केलं, तळवा बघितला, मग दुसऱ्या पायावर. मग त्यांच्या पत्नीला. मग दूधवाल्याला. मग पत्ता विचारायला आलेल्या एका अनोळखी बाईंना, पण त्यांनी पत्ता न विचारताच काढता पाय घेतला. घरमालक भिंतीला धरून सारखे विचारत होते की अहो, शोधताय काय, आणि मला सांगता येईना की तुमच्या फरशीवर मी स्वतःच्या हातानं पिना पेरल्या आहेत. ती पिन अखेर माझ्याच चपलेच्या तळाला सापडली. तेव्हापासून घरमालक जिन्यात भेटले की नमस्कार न करता पाय उचलून दाखवतात.

त्यातूनही शहाणा झालो नाही. वाटलं, शिंप्याच्या दुकानासमोर टाचण्या पडलेल्या असणारच, आणि त्या बारीक, म्हणजे माझ्या नजरेतून सुटतील. त्याच्या दुकानावरून फेऱ्या मारायला लागलो. पुढे जायचो, मागे यायचो, मान वर करून, म्हणजे चुकूनही जमिनीवरचं काही दिसायला नको. शिंपी दारात येऊन बघायला लागला. मी ओशाळून हसायचो, तोही हसायचा. शेवटी एक दिवस त्यानं हँडल धरलं आणि हळूच सांगितलं की साहेब, लाजू नका, आत या, या वयात पोट सगळ्यांचंच सुटतं. मला नाही म्हणता येत नाही हे तुला माहीत आहे. त्यानं मापं घेतली. पँटी शिवून आल्या त्या कमरेत सैल, कारण मधल्या काळात काळजीनं मी वाळलो. टायरांना ढिम्म काही झालं नाही.

आत्या, इथपर्यंत तू हसत असशील. मीही सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण या मंगळवारी हिच्या जुन्या सायकलची चेन तुटली आणि ही मला न विचारता चाचणीची सायकल घेऊन गेली. ही कशी चालवते ते तू पाहिलं आहेस. हिचा रस्ता म्हणजे इथून तिथपर्यंत सरळ रेघ, मधे जे येईल त्यानं आपलं बघावं. मला इतक्या दिवसांत जमलं नाही ते हिनं एका सकाळीत करून दाखवलं. पंक्चर. आणि तेही सडपातळाला नाही, पैलवानाला. कुंपणाच्या तारेचा तुकडा टायरात कडेनं घुसला, जिथे तो जाड थर पोचतच नाही. (विक्रेत्यानं सगळ्या पिना मधोमध टोचल्या होत्या, कडेला एकही नाही. हे मला आता आठवतं.)

त्या वाटेवरचं शेवटचं घर एका म्हाताऱ्या बाबांचं. एकटे राहतात, डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यामुळे साखरेच्या आजाराचं इंजेक्शन स्वतःचं स्वतः घेता येत नाही. ही जाणार, इंजेक्शन देणार आणि मगच त्यांनी जेवायचं, हा नियम हिनंच घालून दिलेला. ही रस्त्याच्या कडेला बसली. ठिगळ, सोल्यूशन, छोटा पंप, सगळं जवळ होतं. पंक्चर काढता येतं हिला, चांगलं येतं. पण त्यासाठी टायर रिमवरून सुटला तर पाहिजे. टायर उचकटायच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडल्या. मग औषधाचा चमचा घातला, तो वाकला. मग अंगठे लावले. वाटेनं एक माणूस आला, त्यानंही जोर लावून बघितला आणि हात झटकून निघून गेला. शेवटी पेटी खांद्याला अडकवून सायकल ढकलत ही चालत निघाली. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते, सदऱ्याची बाही वर करून, सकाळपासून. शेजारी झाकलेलं ताट. हिची चाहूल लागली म्हणून उठायला गेले आणि घेरी येऊन कोसळले. नशीब की हिच्या हातात आले. पुढे सगळं सावरलं. डॉक्टर येऊन गेले, बाबा आता बरे आहेत, उलट हिलाच विचारत होते की पोरी, तुला वाटेत काही झालं तर नव्हतं ना.

ही घरी आली. रडली-बिडली नाही. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं, ते गार पाण्यात धरून बसून राहिली. मी आपलं म्हटलं की पैलवानालाही पंक्चर होतं म्हणजे कमालच झाली.

ती म्हणाली, "पंक्चर झालं त्याचं मला काही नाही हो. मला तो टायर काढता आला नाही."

आत्या, बैठकीत आम्ही वजन बघितलं, पत्रक बघितलं, मुकादमांचे अंगठे बघितले, खिडकीवर कोण येऊन भांडेल तेही बघितलं. पण पंक्चर झाल्यावर, भर रस्त्यात, एकटी बाई, तिचे दोनच हात, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मला तर काळजी करायसाठीच नेमलं होतं. आता बघ. सडपातळ निवडला तर वरचेवर पंक्चर, पण चुटकीसरशी निघतो. पैलवान निवडला तर क्वचित पंक्चर, पण झालं की बसा तिथेच. क्वचित म्हणजे किती क्वचित? आणि त्या क्वचितच्या दिवशी कुठल्या घरी कोण बाही वर करून बसलेलं असेल? सोमवारी सही करायची आहे. जेवायला बसलो की घास घशाखाली उतरत नाही. कारखान्यात कोणी नुसता टायर घरंगळत नेला तरी मी उठून उभा राहतो, आणि लोकांना वाटतं की मी कोणाला मान देतोय.

हिनं मात्र आपल्यापुरता मार्ग काढलाय. तू नुसत्या हातांनी तो टायर उतरवतेस, असं मी कधीतरी बोलून गेलो होतो, ते हिनं नेमकं लक्षात ठेवलं. उद्या रविवार, हिला सुट्टी आहे. तीच सायकल घेऊन, पुढे पैलवान मागे सडपातळ, ही तुझ्याकडे यायला निघते आहे. मी म्हटलं बसनं जा. मी म्हटलं सायकल टेम्पोत टाकू. मी म्हटलं मीही बरोबर येतो. त्यावर ती म्हणाली की तुम्ही आलात तर आपण पुढच्या वर्षी पोचू. हे पत्र पाकीट घट्ट चिकटवून तिच्याच पिशवीत देतोय. तेव्हा माझी एवढीच विनंती की तिला नीट शिकव. घाई करू नकोस. तिनं स्वतः उतरवून, चढवून, पुन्हा उतरवून दाखवल्याशिवाय सोडू नकोस. आणि मी सही कुठल्या टायरावर करू ते एका शब्दात कळव. तुझा शब्द आला की माझी चिंता मिटली. (मिटणार नाही, पण निदान दोघांत वाटली जाईल.) गुडघ्याला जप, जिन्यात दिवा लाव, आणि हवा भरताना तोंड चाकापासून लांब ठेव.

तुझा,
घंट्यांवरच बरा होता असा
भाचा

ता. क. नळी बदललीस ना?

आणखी एक ता. क. वर मी तिला नीट शिकव असं लिहिलंय, ते पत्र चुकून तिच्या हाती पडलं तर बरं दिसावं म्हणून. आत्या, तिला शिकवू नकोस. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला आतली जागा देऊ केली आहे. टेबल, खुर्ची, फोन घ्यायचा, औषधांच्या नोंदी करायच्या, डोक्यावर पंखा, सायकल नाही. ती विचार करते म्हणाली आहे. तो टायर कोणालाच निघत नाही असं तुझ्या तोंडून ऐकलं तर तिचं मन वळेल. तू एवढंच म्हण की हे बायकांच्या हाताचं काम नव्हे. (नाही, हे तू म्हणणार नाहीस, आणि तुझ्या तोंडी ते शोभणारही नाही.) बरं, असं म्हण की हल्लीचे टायर पूर्वीसारखे राहिले नाहीत, तुलाही निघत नाहीत. हवं तर गुडघ्याचं कारण पुढे कर. ती खुर्चीत बसली की मी कुठलाही टायर निवडला तरी त्यावरून दुसरंच कोणीतरी जाईल. (हे लिहिल्यावर वाचून बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. ते दुसरं कोणीतरीही कोणाच्या तरी घरातलंच असणार. पण खोडत नाही. मनात आहे ते आहे.)

शेवटचा ता. क. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर राहू दे. ती पोचली की तेवढा एक फोन कर.

आत्या, इथून पुढे मी लिहितेय, तुमची भाचेसून. कागद सायकलच्या सीटवर ठेवलाय म्हणून अक्षर वाकडं आहे. तुमचं गाव अजून जरा लांब आहे. मागचा टायर आत्ताच बसला. काढला, छिद्र सापडलं, सोल्यूशन लावलं. ते वाळेपर्यंत ठिगळ लावता येत नाही आणि दुसरं करायला काही नव्हतं, म्हणून पाकीट फोडलं. रागावू नका. इतकं चिकटवलेलं पाकीट बघितल्यावर कोणीही फोडलं असतं.

यांनी सगळं बरोबर लिहिलंय, मंगळवारचं एक सोडून. मी रडले होते. घरी नाही, रस्त्याच्या कडेला, चाक मांडीवर घेऊन. बाबा उपाशी बसलेत हे मला तिथे बसून दिसत होतं. आणि टेबलाची जागा मी बुधवारीच नको म्हणून सांगितलं. विचार करते असं यांना म्हटलं ते यांना दोन घास जावेत म्हणून. तेही जात नाहीत असं आत्ता वाचलं.

तर मला शिकवाच. मी शिकले की बाकीच्या जणींना मी शिकवीन, त्यांनाही त्याच रस्त्यांनी जायचंय. सहीसाठी शब्द यांनी तुमच्याकडे मागितलाय, तो तुम्हीच द्या. माझं विचाराल तर दोन्ही चाकांना पैलवान. सडपातळापायी असं सारखं उतरून बसायला लागलं तरी उशीर तो उशीरच, आणि मंगळवारसारखं पुन्हा झालं तर तो माझ्या हातांनी सुटला पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

मी दारात आले की माझं पाणी, खुर्ची सगळं नंतर. आधी यांना फोन करा, फोनजवळच बसलेले असतील. पोचले म्हणून सांगा. आणि त्याच दमात सांगा की जाणार तर मी आहेच. कशावर जायचं तेवढं त्यांनी ठरवावं.